खेड्यातलं घर विकायला काढताय? फलक कसा करावा, कुठं लावावा, कधी काढावा

विदर्भातल्या खेड्यातलं घर मोबाइलवरच्या जाहिरातीनं क्वचितच विकलं जातं. घेणारा बहुधा त्याच गावातला नाहीतर चार-पाच कोसांच्या आतला असतो. कधी तो शेजारीच असतो आणि त्याला मधली भिंत पाडून घर वाढवायचं असतं. कधी आतल्या गावचा शेतकरी असतो, त्याला मुलांच्या शाळेसाठी डांबरी रस्त्यावर यायचं असतं. कधी बदली होऊन आलेले गुरुजी असतात, कधी नोकरीतून मोकळा होऊन गावी परतणारा. ही माणसं तुमच्या दारावरून रोज नाहीतर बाजाराच्या दिवशी जातातच. म्हणून तीन बाय दोन फुटांचा एक नीट फलक इथं बाकीच्या उपायांपेक्षा जास्त काम करतो. त्याच्याकडून अपेक्षा एकच ठेवा, त्यानं फोन आणावा. बाकीचं काम फोन आल्यावर सुरू होतं. फलकावरच सगळं सांगायला गेलात तर कोणी काहीच वाचत नाही.

फलकाआधी घरातला होकार

फलक लागला की तासाभरात गावभर होतं. पानठेल्यावर पहिला प्रश्न निघतो, ‘कर्ज झालं का?’ आणि दुसरा, ‘भावानं सही दिली का?’ पहिल्याकडं दुर्लक्ष करता येतं, दुसऱ्याकडं नाही. घर वडिलोपार्जित असेल तर भावांशी आणि बहिणींशी आधी बोला. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहीण लग्न होऊन आर्वीला गेली की पुसदला, यानं त्यात फरक पडत नाही. तिला ही बातमी फलकावरून कळली की नुसता रुसवा राहत नाही, हरकतीचा अर्ज येतो. आणि हरकत आहे असं कळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

मग कागद. एका फाइलमध्ये हे लावून ठेवा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, चालू वर्षाची घरटॅक्स पावती, असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मूळ खरेदीखत किंवा नोंदणी झालेलं वाटणीपत्र, आणि लाइट बिल. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. तो एकटा दाखवून मालकी सिद्ध होत नाही आणि हे आता गिऱ्हाइकालाही माहीत असतं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी सुरू झाली. तुमच्या गावची झाली असेल तर आखीव पत्रिका आधी काढून घ्या, कारण पुढं फलकावर तिचा उल्लेख मोलाचा ठरतो.

काही घरांवर फलक लावण्याआधी थांबायलाच हवं. जागा सरकारी आबादीतली अतिक्रमणाची असेल, घरकुल योजनेतलं घर असेल, तालुक्याच्या गावी नझूलचा (सरकारी जागेचा) पट्टा असेल किंवा भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकण्यावर सरकारी अटी असलेल्या जमिनीची, नोंद असेल, तर आधी तलाठी कार्यालयात किंवा वकिलाकडं अटी समजून घ्या. अशा घरावर ‘मालकी हक्काचे घर’ असं लिहिणं म्हणजे भांडण विकत घेणं. जमीन आदिवासी खातेदाराच्या नावची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला देता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट या भागांत हे पहिल्यांदा तपासावं. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर किती बाकी आहे याचं पत्र फाइलमध्ये असू द्या. घरात भाडेकरू असेल तर त्यालाही फलकाआधी सांगा. न सांगितलेला भाडेकरू गिऱ्हाइकाला घर दाखवताना नेमकं गळणारं छत दाखवतो.

शेवटचं काम टेपचं. जागा स्वतः मोजा आणि कागदाशी ताडून पाहा. आखीव पत्रिकेत क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, गावात लोक चौरस फुटांत विचारतात. १ चौ. मीटर म्हणजे १०.७६ चौ. फूट. जुन्या कागदावर डिसमिल असेल तर १ डिसमिल म्हणजे ४३५.६ चौ. फूट. कागद आणि टेप यांच्यात दोन-तीन फुटांचा फरक निघाला तर फलकावर लहान आकडा लिहा. मागची सांदवाडी (परसाची मोकळी जागा) मापात धरली की नाही, हेही आत्ताच ठरवा. पुढं वाद हमखास त्यावरच होतो.

कधी लावावा

गिऱ्हाइकाच्या हाती पैसा असतो तेव्हा. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापसाचे पैसे दिवाळीपासून पुढं फेब्रुवारी-मार्चपर्यंत येत राहतात, आणि वरुड-मोर्शी-काटोलकडं संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे साधारण याच हंगामात होतात. दिवाळीला बाहेरगावी नोकरीला असलेली मंडळीही गावात असतात. म्हणून पितृपक्ष संपला की फलक तयार करून ठेवावा आणि दसऱ्याला लावावा. उन्हाळ्यात लग्नाच्या गर्दीमुळं बघणारे भरपूर मिळतात, पण पाणी कसं आहे हे ते मे महिन्यात बघतात. तुमच्या बोअरला मेमध्ये पाणी राहत असेल तर उन्हाळा चुकवू नका. पोळ्याच्या आसपास, पेरणीचं कर्ज डोक्यावर असताना, फोन कमी येतात आणि आले तरी भाव पाडून मागतात.

काय लिहावं

चालता माणूस थांबून वाचतो, गाडीवरचा थांबत नाही. मजकूर गाडीवाल्याच्या हिशेबानं लिहा. दारावरच्या फलकाला इतकं पुरे:

घर विकणे आहे
३० × ५० प्लॉट, स्लॅब, ३ खोल्या
बोअर + नळ, आखीव पत्रिका आहे
मोबाइल नंबर (पाच-पाच आकडे)
सकाळी ८ ते १०, संध्या. ६ ते ९

घर कवेलूचं (कौलारू) असेल तर कवेलूचं, टिनाचं असेल तर टिनाचं, असं सरळ लिहा. ‘भव्य’, ‘सुंदर’, ‘सुवर्णसंधी’ यांत जागा घालवू नका. ते घर गावानं लहानपणापासून पाहिलंय. पाण्याची ओळ मात्र कधीही गाळू नका. विदर्भात घर बघायला आलेली बाई पहिल्यांदा स्वयंपाकघर बघत नाही, पाणी कुठून येतं ते विचारते.

किंमत लिहावी का? आमचं मत, लिहू नये. आकडा लिहिला की तो गावाच्या तोंडी बसतो, त्याच्यावर कोणी जात नाही, आणि सहा महिन्यांनी तुम्ही तो कमी केलात तर ‘उतरलं घर’ अशी हाकाटी होते. फोनवर मात्र किंमत लपवू नका. ‘या, बसून बोलू’ असं म्हटलं की दूरचा माणूस येतच नाही.

‘मालकाशी थेट संपर्क’ ही ओळ चालते, जागा असेल तर टाका. ‘दलालांनी फोन करू नये’ ही ओळ निरुपयोगी आहे, दलाल फोन करतातच. दलालाकडं खरंच गिऱ्हाईक असेल तर दलालीचा टक्का घर दाखवण्याआधी ठरवून घ्यावा. तेवढ्यानं अर्धी डोकेदुखी जाते.

ज्यांचं घर बंद आहे त्यांनी ‘रिकामे घर’, ‘मालक पुण्यात’ असं काही लिहू नये. ते गिऱ्हाइकाच्या आधी चोर वाचतो. किल्ली गावातल्या कोणाकडं आहे तेही फलकावर नको, फोनवर सांगा.

गोंदिया, परतवाडा-धारणी अशा पट्ट्यात हिंदी बोलणारं गिऱ्हाईक बरंच असतं. तिथं ‘मकान बेचना है’ एवढी एक ओळ खाली वाढवावी. पूर्ण फलक दोन भाषांत केला तर अक्षरं लहान होतात आणि दोन्हीकडचे वाचक हातचे जातात.

अक्षरांचा हिशेब

अक्षर सहज वाचता यावं म्हणून दर १० फूट अंतराला १ इंच उंची धरतात. डोळे ताणून वाचायचं तर त्याच्या अडीचपट अंतरावरून वाचता येतं. म्हणजे ४ इंची आकडा ४० फुटांवरून आरामात आणि १०० फुटांवरून कसाबसा दिसतो. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं असल्यानं हे माप सढळ हातानंच धरावं.

तीन बाय दोन फुटांचा, म्हणजे ३६ बाय २४ इंचांचा फलक घ्या. वरून २ इंच मोकळे सोडा, मग ५ इंचांत ‘घर विकणे आहे’, दीड इंच जागा, २ इंचांची एक ओळ, १ इंच जागा, पुन्हा २ इंचांची ओळ, दीड इंच जागा, ४ इंचांचा मोबाइल नंबर, १ इंच जागा आणि दीड इंचांत वेळ. खाली दोनेक इंच उरतात. ती जागा मोकळी राहू द्या, पेंटर तिथं हमखास स्वतःचं नाव घालतो. ४ इंच उंचीचा आकडा मधल्या फटीसकट साधारण अडीच इंच रुंदी खातो, दहा आकड्यांना २५ इंच आणि पाचव्या आकड्यानंतरची मोठी फट २ इंच. ३६ इंचांत हे दोन्ही बाजूंना समास सोडून बसतं. दोन ओळींत नंबर तोडायची गरज नाही आणि तोडूही नये.

नंबर इंग्रजी आकड्यांत टाका, बाकी मजकूर मराठीत असला तरी. मराठी ४ लांबून इंग्रजी आठसारखा दिसतो, ७ हा इंग्रजी सहासारखा, आणि धूळ बसली की १ आणि ९ यांत फरक राहत नाही. दोन नंबर द्यायचे असतील तर दुसरा लहान करा. शेतात रेंज नसते, म्हणून त्यातला एक नंबर गावात बसणाऱ्या माणसाचा असावा.

रंगांत पांढऱ्यावर गडद निळा किंवा पिवळ्यावर काळा. लाल अक्षरं पहिल्या आठवड्यात उठून दिसतात, पण अकोला-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात सगळ्यात आधी लाल रंगच उडतो. पश्चिमेकडं तोंड असलेल्या फलकावर एका उन्हाळ्यात ‘घर विकणे आहे’ पुसून खाली नुसता नंबर उरलेला दिसतो. घराचा फोटो टाकू नका, घर मागंच उभं आहे.

कशावर करावा

फ्लेक्स सगळ्यात सोपा, तालुक्याला दिला की बाजार करून येईपर्यंत तयार. देशात १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक बॅनरवर बंदी आहे, तेव्हा जाड मागा. पातळ घेतला तर तसाही पहिल्या वादळात फाटतो. फ्लेक्सचा खेड्यातला खरा शत्रू वेगळा आहे. मे संपता संपता कुटार (जनावरांसाठी साठवलेला भुसा) झाकायला आणि गळक्या टिनावर टाकायला प्रत्येकाला फ्लेक्स हवा असतो. मोकळा बांधलेला फ्लेक्स जूनच्या पहिल्या आठवड्यात गायब होतो. चौकटीवर ताणून मागून घट्ट बांधलेला सहसा राहतो.

सनपॅक शीट (पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा) हलकी आणि स्वस्त, पण उन्हात कडक होऊन तुकडे पडतात. वळचणीखाली, सावलीत, महिना-दोन महिने चालेल.

घर विकायला वर्ष लागेल असं वाटत असेल तर पत्र्यावर पेंटरकडून करून घ्या. इथं एक चूक वारंवार होते. दुकानातला नवा चकचकीत जस्ती पत्रा आणतात आणि त्यावर सरळ ऑइल पेंट मारतात. जस्ताची आणि रंगातल्या तेलाची रासायनिक क्रिया होऊन रंगाची पकड सुटते आणि उन्हाळ्यात पोपडे निघतात. साधा काळा सपाट पत्रा घ्या, काचपेपरनं घासा, रेड ऑक्साइडचा एक हात, सुकल्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात, मग अक्षरं. प्रत्येक हाताला पूर्ण एक दिवस सुकू द्या. मागची बाजूही रंगवा, गंज तिथून सुरू होतो. कडा वाकवून घ्यायला विसरू नका, उघड्या कडेनं पोरांचे हात कापतात.

थेट भिंतीवर रंगवणं स्वस्त पडतं, पण मातीच्या भिंतीवर ओल येऊन अक्षरं फुगतात, आणि घर विकलं गेल्यावर ती पुसायला तीन हात रंग लागतो. विकायच्या घराची दर्शनी भिंत खराब करण्यात शहाणपण नाही.

छापायला देताना

मजकूर कागदावर लिहून द्या आणि मोबाइलवरही पाठवा. फ्लेक्सच्या दुकानांत जुने मराठी फाँट असतात. मोबाइलवरचा मजकूर त्यात ओढला की रफार उडतो, जोडाक्षर तुटतं, ‘संध्या.’चं काहीतरी भलतंच होतं. मशीनवर घालण्याआधी पडद्यावरचा फोटो मागवा. त्यात तीन गोष्टी बघा. पहिली, रफार, मात्रा आणि ‘ण’ की ‘न’. दुसरी, नंबर. तो ओळखीचा असल्यानं तुमचा डोळा चूक पकडत नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला फोटोवरून वाचायला लावून फोन करायला सांगा. तिसरी, बाण. दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या फलकावर दुकानदार एकच डिझाइन दोनदा छापतो आणि एका बाजूचा बाण गिऱ्हाइकाला स्मशानाकडं पाठवतो. दोन बाजूंना दोन उलटे बाण हवेत, हे तोंडी न सांगता कागदावर काढून द्या.

कुठं आणि कसा उभारावा

पहिला फलक घराला. भिंतीला चिकटून सपाट लावलेला फलक फक्त समोर उभ्या माणसाला दिसतो. गल्लीतून येणाऱ्याला तो दिसायला हवा असेल तर रस्त्याशी काटकोनात, दोन्ही बाजू छापलेला लावा. खालची कड सहा-साडेसहा फुटांवर ठेवा, म्हणजे उभ्या केलेल्या बैलबंडीमागं लपत नाही आणि डोक्यालाही लागत नाही. विटांच्या भिंतीत ६ मि.मी. भोक, प्लॅस्टिकची गट्टी आणि ३५-४० मि.मी. स्क्रू. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, पहिल्याच वाऱ्यात ढेकूळ घेऊन निघतो. तिथं छपराच्या बल्लीला किंवा फाटकाच्या खांबाला बांधा. महावितरणच्या खांबाला, सर्व्हिस वायरच्या जवळ किंवा तिच्याखाली लोखंडी तारेनं काहीही बांधू नका. पावसाळ्यात तीच तार जिवावर बेतते. झाडाला खिळे मारू नका.

दुसरा फलक फाट्यावर, जिथं गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला लागतो. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी मोटरसायकल सेकंदाला ३६ फूट कापते. फलक दिसायला लागल्यापासून मागं पडेपर्यंत तिला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात दहा आकडी नंबर कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून चार बाय तीन फुटांच्या या फलकावर फक्त ‘घर विकणे आहे’, गावाचं नाव, अंतर आणि बाण मोठे. खाली नंबर ६ इंची, पण तो गाडीवाल्यासाठी नाही, एसटीची वाट बघत उभ्या असलेल्यांसाठी. त्यांच्याकडं वेळच वेळ असतो. फलकाचं तोंड थोडं त्यांच्याकडं वळवा.

फाट्यावर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या किंवा महामार्गाच्या हद्दीत खांब रोवू नका. तो काढून टाकतात, आणि रस्त्यावरच्या वळणाची नजर अडवली तर अपघाताचं पाप माथी येतं. शेतमालकाला विचारून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावा किंवा टपरीवाल्याला विचारून त्याच्या भिंतीला. धुरा निवडताना पीक बघा. जूनमध्ये लख्ख दिसणारा फलक ऑक्टोबरात तुरीआड जातो, तोही नेमका गिऱ्हाईक फिरू लागतं तेव्हा. सोयाबीनचा धुरा बरा.

आता खांब. दीड इंची चौकोनी पाइप २० फुटांचा येतो, मधोमध कापला की दहा फुटांचे दोन खांब. २ फूट जमिनीत, ५ फूट मोकळे, वर ३ फूट फलक. हे माप मुरमाड जमिनीला पुरतं. काळ्या मातीत पुरत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब सैल पडतो, पावसाळ्यात फुगते आणि मऊ होते, की खांब एका बाजूला कलतो. नुसती सब्बलीनं भोक पाडून खांब ठोकला तर पहिल्या पावसाळ्यानंतर तो सरळ राहणार नाही. एक फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. त्यात काढलेली काळी माती परत टाकू नका. खांब मध्ये धरून ओळंब्यात घ्या, सहा-सहा इंचांचे मुरूम-गिट्टीचे थर टाका, प्रत्येक थरावर थोडं पाणी मारून पहारीच्या बोथट टोकानं धुम्मस करा. काँक्रीट करायचं असेल तर एका खड्ड्याला साधारण पाव पोतं सिमेंट लागतं. पण शेतमालकाच्या धुऱ्यावर काँक्रीटचा गोळा सोडून जाऊ नये, मुरूम बरा.

वाऱ्याचा अंदाज असू द्या. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात चार बाय तीनच्या फलकावर वीस-बावीस किलोंचा दाब येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. एप्रिल-मेमधलं अवकाळी वादळ याहून जोरात येतं. म्हणून दोन्ही खांबांना मागून एकेक तिरपा टेकू द्याच. फ्लेक्स चौकटीला बांधताना दर फुटावर एक कडी ठेवा आणि नायलॉन दोरीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरा. रबर वाऱ्याबरोबर ताणतं आणि परत येतं. दोरी ताणत नाही, मग कडीपाशी फ्लेक्स फाटतो.

बांबूचे खांब स्वस्त पडतात. जमिनीत जाणारा भाग आणि वर अर्धा फूट डांबरानं किंवा जळक्या ऑइलनं माखा, नाहीतर पावसाळ्यात वाळवी बुंधा खाते आणि फलक सरळ उभा दिसत असतानाच एके दिवशी आडवा होतो. जनावरांच्या वाटेवर खांब नको. गुरं अंग घासायला येतात आणि चांगला रोवलेला खांबही पंधरा दिवसांत हलवतात. वानरांचा त्रास असलेल्या गावात फलक छपराच्या कडेपासून लांब ठेवा.

तिसरी जागा बाजाराच्या गावात. पानठेला, पिठाची चक्की, कृषी केंद्र, सेतू केंद्र, जिथं माणसं दहा मिनिटं थांबतात तिथं विचारून वहीच्या कागदाएवढं पत्रक लावा. त्यावर जरा जास्त तपशील चालतो. ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावायचं तर सचिवांना विचारूनच.

फोन आल्यावर

एक वही करा. तारीख, नाव, गाव, ‘फलक कुठं पाहिला?’ आणि पुढं काय ठरलं. महिनाभरानं कळतं की फोन फाट्यावरून येतात की चक्कीवरून. जिथून एकही येत नाही तिथला फलक उचलून दुसरीकडं न्या. लिहिलेल्या वेळेत फोन उचलाच. दोनदा न उचललेला नंबर तिसऱ्यांदा कोणी लावत नाही.

फोनवर जागेचं माप, पाणी, कागद आणि अपेक्षित किंमत सांगून टाका, मग भेटीची वेळ द्या. शक्यतो उजेडात, आणि घरात बाईमाणूस एकटी असताना नको. घर न बघताच ‘टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. फलकावर नंबर उघडा असला की असे फोन येतातच.

बघायला आलेल्याला मूळ कागद हातात देऊन सोडू नका, झेरॉक्स दाखवा. इसार घेताना २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेऊ नका, आयकर कायद्यात त्याला मनाई आहे. चेक किंवा खात्यावर. आणि नुसत्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे घर विकलं गेलं असं होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवल्याशिवाय मालकी बदलत नाही, हे गिऱ्हाइकालाही सांगा.

फलकाची देखभाल

दर बाजाराच्या दिवशी फलकांवरून एक चक्कर मारा. ओल्या फडक्यानं धूळ पुसा, पट्ट्या घट्ट करा, खांब हलवून बघा. निवडणुकीत ग्रामपंचायतीचे लोक रस्त्याकडेचे फलक सरसकट उचलतात, तेव्हा आपला आधीच काढून ठेवावा. फाटलेला, कललेला, अर्धा पुसलेला फलक लावून ठेवणं न लावण्यापेक्षा वाईट. बघणारा समजतो की घर वर्षानुवर्षं पडून आहे, आणि मागणी तिथूनच खाली सुरू होते. चार महिन्यांत एकही बरा फोन आला नाही तर फलक पंधरा दिवस उतरवा, रंग आणि जागा बदलून परत लावा. रोज दिसणारी गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते.

कधी काढावा

लेखी इसार होऊन पैसे खात्यावर आले की त्याच दिवशी फलकांवर कोरा कागद नाहीतर पांढरी पट्टी लावा. ‘विकले’ असं लगेच लिहू नका. इसार मोडतात, आणि एकदा विकलेलं घर पुन्हा विकायला काढलं की लोक कारण शोधतात. झाकलाच नाही तर फोन येत राहतात, इसार देणाऱ्याच्या कानावर जातं, आणि तुम्ही दुसऱ्याकडं वाढवून मागताय असा त्याचा समज होतो. एका घराचे दोन इसार घेण्याचा मोह तर अजिबात नको, त्याचा शेवट पोलीस ठाण्यात नाहीतर कोर्टात होतो.

खरेदीखताची नोंदणी झाली की सगळे फलक खाली. फाट्यावरचा सगळ्यात जास्त विसरला जातो आणि सगळ्यात जास्त फोन तोच आणतो. खांब उपटल्यावर दोन फुटांचे खड्डे मुरमानं भरून ठोकून द्या, धुऱ्यावरून वासरं आणि पोरं दोघंही पळतात. चौकट आणि पाइप ठेवून द्या किंवा गावात दुसऱ्या कोणाला घर काढायचं असेल तर देऊन टाका. आणि फ्लेक्स? कुटारावर टाकायला तो आधीच कोणीतरी मागून ठेवलेला असेल. फक्त देण्याआधी त्यावरच्या नंबरावर काळा रंग फिरवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते कुटार तुमच्या नंबरानं विकायला राहील.